घराच्या कामाचा अंदाज: आधी माप, मग दर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या १९९०च्या दशकातल्या सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. करारात ७०६ चौ. फूट बिल्टअप (भिंतींच्या जाडीसकट) लिहिलंय. आतून रंग, हॉल-बेडरूम-किचनची फरशी आणि दोन्ही बाथरूम नवीन करायची आहेत. रंगाला एक ठेकेदार ‘एरियाच्या साडेतीनपट, १८ रुपये’ म्हणतो, दुसरा ‘प्रत्यक्ष मापाने २१ रुपये’ म्हणतो. तिसऱ्याने सगळं घर १,२०० रुपये चौ. फुटाने अंगावर घेतो असं सांगितलंय. यातलं स्वस्त कोणतं, आणि क्षेत्रफळाची शाळेतली सूत्रं इथे कितपत चालतात?

सूत्रं चालतात. घोटाळा कुठलं क्षेत्रफळ सूत्रात घालायचं यात होतो. माप कसं धरलंय हे कळेपर्यंत १८ आणि २१ या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. म्हणून दराकडे शेवटी येऊ. तुम्ही खोल्यांची मापं पाठवली आहेत, त्यांच्यावरच सगळा हिशेब करून दाखवतो.

आधी ७०६ चा निकाल लावू. जुन्या नोंदणीत कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) २० टक्के चढवून बिल्टअप धरायची पद्धत होती. ७०६ ला १.२ ने भागलं की ५८८ येतात, आणि त्यात तुमची ४० फुटांची बाल्कनी आहे. ती वगळली की साधारण ५४८ उरतात. तुमच्या खोल्यांची बेरीजही तेवढीच येते: हॉल १० × १६, एक बेडरूम १० × ११, दुसरी १० × १२, किचन ८ × ९, पॅसेज ३ × ९, बाथरूम ४.५ × ७ आणि ४ × ७. मिळून ५४८.५ चौ. फूट. फरशी घालायला किंवा छताला रंग द्यायला घरात एवढीच जागा आहे. बाकीचे दीडशेहून अधिक फूट बाल्कनी, भिंतींची जाडी आणि कागद यांत वाटले गेलेत.

नवीन फ्लॅट असलेल्यांनी इथे जरा थांबावं. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरलेली असते. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी), बाल्कनी आणि उघडी गच्ची धरलेली नसते. म्हणजे करारातलं रेरा कार्पेटसुद्धा फरशीचं माप नव्हे. भिंतीखाली टाइल बसत नाही आणि बाल्कनीत मात्र बसते. नकाशावरचे आकडेही बऱ्याचदा प्लास्टरच्या आधीचे, विटेपासून विटेपर्यंतचे असतात. तेव्हा कागद बाजूला ठेवून टेप काढावी हे बरं.

टेपबद्दल एकच सांगतो, कारण यात शिकलेली माणसंही चुकतात. दहा फूट सहा इंच म्हणजे १०.५, १०.६ नव्हे. तीन इंच म्हणजे ०.२५, चार इंच ०.३३, नऊ इंच ०.७५. लेझर मीटर दशांशात आकडा देतो, मिस्त्री फूट-इंचात बोलतो, आणि फोनवर आकडे सांगताना दोन्हींची सरमिसळ होते. शक्य असेल तर सगळं मीटरमध्ये मोजा आणि शेवटी चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा. प्रत्येक भिंत खाली आणि वर अशी दोनदा मोजा. जुन्या इमारतीत समोरासमोरच्या दोन भिंती इंच-दोन इंचांनी वेगळ्या निघणं नेहमीचंच आहे. तिथे दोन्ही मापांची सरासरी धरा. तिरकी भिंत असेल तर हीच सरासरी समलंब चौकोनाचं सूत्र ठरते: समांतर बाजूंची बेरीज, तिची निम्मी, गुणिले मधलं अंतर. एल आकाराचा हॉल दोन आयतांत तोडा. फ्लॅटमध्ये याहून अवघड भूमिती क्वचितच लागते.

आता रंग. भिंतींचं सूत्र आहे परिमिती गुणिले उंची, म्हणजे २ × (लांबी + रुंदी) × उंची. ‘एरियाच्या साडेतीनपट’ हा ठोकताळा का फसतो याचं उत्तर याच सूत्रात आहे. भिंत परिमितीने वाढते, जमीन क्षेत्रफळाने. १० × १२, ८ × १५ आणि ६ × २० या तिन्ही खोल्या १२० फुटांच्याच. पण त्यांची परिमिती ४४, ४६ आणि ५२ आहे. सव्वानऊ फूट उंचीला भिंती येतात ४०७, ४२५ आणि ४८१ चौ. फूट. जमीन तीच असून रंगाऱ्याचं काम जवळजवळ एक-पंचमांशाने वाढलं. तुमच्याच घरात भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र हॉलमध्ये जमिनीच्या ३.८ पट आहे, लहान बेडरूममध्ये ४.५ पट, पॅसेजमध्ये तर ८ पटीहून जास्त, आणि बाथरूममध्ये, सात फुटांपर्यंत टाइल असल्यामुळे, फक्त २.७ पट. या सगळ्यांची सरासरी कुठेतरी साडेतीन-चारच्या आसपास पडते, म्हणून ठोकताळा टिकून राहिलाय. एखाद्याच खोलीचा रंग काढायचा असेल तर तो विसरून जा.

तुमच्या घराचं माप असं बसतं (उंची ९.२५ फूट):

हॉल: परिमिती ५२, पण पॅसेजकडची ३ फूट उघडी आहेत, म्हणून ४९ × ९.२५ = ४५३
बेडरूम १० × ११: ४२ × ९.२५ = ३८८.५
बेडरूम १० × १२: ४४ × ९.२५ = ४०७
किचन: ३४ × ९.२५ = ३१४.५. ओट्याच्या १५ फूट लांबीत ओट्याखाली ट्रॉल्यांमागची भिंत आणि वर दोन फूट टाइल, मिळून ७१ वजा, उरले २४३.५
पॅसेज: तीनच बाजू, २१ × ९.२५ = १९४
दोन बाथरूम, टाइलच्या वरची सव्वादोन फुटांची पट्टी: १०१
सगळी छतं: ५४८.५

बेरीज साधारण २,३३६ चौ. फूट. यातून दारं-खिडक्या वजा करायच्या, आणि भांडणं सुरू होतात ती इथे. एक म्हणतो ‘आम्ही दारं वजा करत नाही, काठ रंगवायला वेळ लागतो’, दुसरा म्हणतो ‘सगळी वजा केली’. खरं तर यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १२००, आणि सरकारी कामांत त्यानुसारच मोजतात. त्याचा सारांश असा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं (सुमारे ५.४ चौ. फूट) भोक वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतचं (सुमारे ३२ चौ. फुटांपर्यंत) भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखंच काम असेल तर एकाच अंगाकडून वजा करायचं आणि काठ (भोकाच्या आतल्या, भिंतीच्या जाडीच्या बाजू) वेगळे धरायचे नाहीत. तीन चौरस मीटरच्या वर दोन्ही अंगांकडून वजा करायचं आणि काठ वेगळे मोजून मिळवायचे. नियम शहाणपणाचा आहे. ३ × ७ चं दार २१ चौ. फुटांचं, एका अंगाची सूट ठेवली की त्यात चौकटीभोवतीच्या बारीक कामाची भरपाई होते.

तुमच्याकडे मुख्य दार २४.५, बाल्कनीचं सरकतं दार ४२, दोन बेडरूम आणि किचन एका अंगाने ६३, बाथरूमची दारं ३५, तीन खिडक्या ५४, मिळून २१८.५ वजा. बाथरूमच्या झडपा (हवेच्या छोट्या खिडक्या) तीन-तीन चौ. फुटांच्या आहेत, त्या वजा करायच्या नाहीत. बाल्कनीच्या दाराचे काठ नियमाने मिळवायला हवेत, पण ते सात-आठ फुटांच्या वर जात नाहीत, म्हणून सोडतो. उरले २,११८ चौ. फूट. आतल्या दारांचे दोन्ही अंग वजा केले तर आणखी ६३ कमी होतील, म्हणजे तीन टक्के. तेवढ्यासाठी ठेकेदाराशी वाद घालू नका. फक्त कुठला नियम लावणार ते कोटेशनवर लिहून घ्या.

आता तुमचे दोन दर लावा. पहिला: ७०६ × ३.५ = २,४७१ चौ. फूट, १८ रुपयांनी ४४,४७८ रुपये. दुसरा: २,११८ चौ. फूट, २१ रुपयांनी ४४,४७८ रुपये. योगायोग इतका की रुपयाचाही फरक नाही. तुम्ही ज्याला तीन रुपये स्वस्त समजत होतात तो स्वस्त नव्हताच. पुढे आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही बेडरूमना सहा-सहा फुटांची छतापर्यंतची पक्की कपाटं आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या मागे रंग जात नाही. प्रत्येकी ५५.५ प्रमाणे १११ फूट प्रत्यक्ष मापातून कमी होतात, पण साडेतीनपटीतून काहीच कमी होत नाही. दुसऱ्याचं बिल २,००७ × २१, म्हणजे ४२,१४७ वर येतं. तेव्हा मापाने काम करणारा घ्या, दोघांचं साहित्य आणि रंगाचे हात (थर) सारखे असतील तर.

उलट बाजूही सांगतो. पहिल्या ठेकेदाराशी घासाघीस करून ‘साडेतीनपट, पण खऱ्या कार्पेटची’ असं कबूल करून घ्याल, तर १,९२० फुटांचे पैसे देऊन कपाटं वगळताही २,००७ फुटांचं काम मागाल. तो हो म्हणेल. आणि मग लांबीचा (पुट्टीचा) दुसरा हात गळेल किंवा डब्यात पाणी जास्त पडेल. मला कमी माप जास्त मापाइतकंच खटकतं.

साहित्याची उलटतपासणीही याच आकड्यांनी होते. २,००७ मध्ये छत ५४८ आणि भिंती १,४५९. चांगल्या इमल्शनचा लिटर दोन हातांना साधारण १०० ते १४० चौ. फूट पुरतो, १२० धरला तर भिंतींना १२ लिटरच्या थोडं वर, म्हणजे दहाचा एक आणि चारचा एक डबा. छताला साडेचार-पाच लिटर. सगळीकडे दोन हात लांबी भरायची असेल तर जुन्या भिंतीवर किलोला १०-१५ चौ. फूट सुटतात, म्हणजे ४० किलोची चार-पाच पोती. पोत्यावर छापलेला आकडा गुळगुळीत नव्या भिंतीचा असतो, त्यावर जाऊ नका. ठेकेदार साहित्यासह करत असेल तर काम संपेपर्यंत रिकामे डबे आणि पोती बाल्कनीत ठेवायला सांगा. मोजायला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक. तुमच्या दोन्ही कोटेशनमध्ये दारांचा रंग नाही. सपाट फ्लश दाराचं रंगक्षेत्र प्रत्येक बाजूला मापाच्या १.२ पट धरतात, पॅनेलच्या दाराचं १.३ पट, कारण कडा, चौकट आणि खाचा त्यात येतात. खिडकीचं साधं ग्रिल सगळ्या बाजूंनी रंगवून एकदाच एकपट. तुमची पाच दारं १०१.५ चौ. फुटांची, दोन्ही बाजू आणि १.२ धरून २४४ चौ. फूट ऑइल पेंट. काम अर्धं झाल्यावर ‘दारं धरली नव्हती साहेब’ हे वाक्य ऐकायचं नसेल तर आत्ताच विचारा.

फरशीकडे येऊ. हॉल, बेडरूम, किचन, पॅसेज मिळून ४८९ चौ. फूट. याला स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी) जोडायचं. त्याचा दर बहुतेक जण रनिंग फुटाने लावतात, पण त्याला लागणारी टाइल चौ. फुटातच जाते. परिमितींची बेरीज १९०. त्यातून दारांच्या रुंद्या आणि ओट्याची लांबी मिळून ४७.५ वजा, १४२.५ रनिंग फूट. चार इंच उंचीने ४७.५ चौ. फूट टाइल. (कपाटांपुढेही स्कर्टिंग येत नाही, पण कपाट उद्या हलवलं तर लागेल, म्हणून ठेवलंय.) एकूण ५३६.५. सरळ जोडणीला सात टक्के तूट धरली की ५७४. टाइल तिरकी, डायमंडमध्ये घालणार असाल तर तूट दहा-पंधरा टक्क्यांवर जाते, कारण प्रत्येक भिंतीला त्रिकोणी तुकडे पडतात.

आता दुकानात लोक हमखास फसतात ती जागा. ज्याला सगळे ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल ६०० × ६०० मिलिमीटर असते, म्हणजे २३.६ इंच. तिचं क्षेत्रफळ ४ नसून ३.८७५ चौ. फूट. चार टाइलचा बॉक्स १.४४ चौ. मीटर, १५.५ चौ. फूट. तुमच्या ५७४ फुटांना १५.५ ने भागलं की ३७ च्या किंचित वर येतं, म्हणून ३८ बॉक्स. बॉक्स १६ चा समजून भागलात तर ३६ आणाल, आणि शेवटच्या बेडरूमच्या कोपऱ्यात दोन बॉक्स कमी पडतील. नंतर आणायला गेलात तर बॅच वेगळी, छटा वेगळी. बॉक्सवर बॅच आणि छटेचा क्रमांक छापलेला असतो, तो सगळ्या बॉक्सवर सारखा आहे ना ते उतरवून घेतानाच बघा. ३८ वर एक बॉक्स जादा घेऊन माळ्यावर टाका. पाच वर्षांनी नळ फुटून फरशी फोडावी लागली तर तीच छटा बाजारात मिळायची नाही.

पहिल्या ठेकेदाराने फरशीची मजुरीही ७०६ वर धरली आहे. ४८९ आणि वेगळं १४२ रनिंग फूट स्कर्टिंग असं त्याला नव्याने लिहायला लावा.

जुनी फरशी काढायची असेल तर क्षेत्रफळ सोडून घनफळात यावं लागतं. तुमच्या इमारतीच्या वयाची मोझॅक असेल तर लादी आणि खालचा माल मिळून तीन इंच धरा. ४८९ × ०.२५ = १२२ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास, कारण ब्रास म्हणजे घनफळात १०० घनफूट. उकरलेला राडारोडा फुगतो. दीडपटीच्या जरा आत धरला तरी पावणेदोन ब्रास होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घनफूटभर माल बसतो, म्हणजे १७० पोत्यांच्या आसपास. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून ही पोती खाली कोण आणणार, कुठे टाकणार आणि ते पैसे कुणाचे, हे तुमच्या एकाही कोटेशनमध्ये नाही. ‘तोडफोड एक्स्ट्रा’ एवढंच लिहिलंय. ही एक्स्ट्रा फरशीच्या मजुरीच्या बरोबरीला जाऊ शकते.

जुन्या फरशीवरच केमिकलने नवी चिकटवली तर हा सगळा खर्च वाचतो. पण पातळी अर्धा इंच किंवा जरा जास्त वर येते. सगळी दारं खालून तासावी लागतात, मुख्य दाराचा उंबरा बुजतो, आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी आधी किती फरक आहे तो मोजावा लागतो. शिवाय जुनी लादी पोकळ वाजत असेल तर तिच्यावर काही चिकटवण्यात अर्थ नाही. नाण्याने किंवा लाकडी दांड्याने ठोकून बघा, प्रत्येक खोलीत दहा-बारा ठिकाणी.

बाथरूम हा या प्रश्नातला सगळ्यात मोठा सापळा आहे. ४.५ × ७ च्या बाथरूमची जमीन ३१.५ चौ. फूट. भिंतीला सात फूट टाइल: परिमिती २३ × ७ = १६१, दार १७.५ वजा, १४३.५. एकूण १७५ चौ. फूट टाइल, जमिनीच्या साडेपाचपट. दुसऱ्याचं असंच मोजलं तर १६४.५. दोन्ही बाथरूम मिळून घराच्या जमिनीचा जेमतेम ११ टक्के भाग आहेत, पण टाइल लागते ३४० चौ. फूट. बाकी सगळ्या घराच्या जमिनीला ४८९ लागते, हे शेजारी ठेवून बघा.

इथे क्षेत्रफळाने एक गोष्ट कळत नाही, ओळी. ३०० मिलिमीटर उंचीच्या टाइलच्या सात ओळी म्हणजे २,१०० मिलिमीटर, सांधे धरून सात फुटांना इंचभर कमी. ‘डॅडो (भिंतीवरची टाइल) सात फूट’ असं लिहिलं तर मिस्त्री वर इंचभराची पट्टी कापून लावेल. २३ फूट परिमितीला ती पट्टी, तुटलेल्या टाइल, आणि दिसायला वाईट. सात ओळींवर थांबा, किंवा पुढचा सगळा भाग छतापर्यंत न्या. बाथरूममध्ये तूट दहा टक्के धरा, कारण नळांची भोकं, कोपरे आणि झडपेभोवतीचे तुकडे आहेत.

वॉटरप्रूफिंगचं माप जमिनीइतकंच धरणारा ठेकेदार दिसला तर सावध व्हा. ते भिंतीवर निदान फूटभर चढवावं लागतं: ३१.५ + २३ = ५४.५ चौ. फूट. स्लॅब खाली सोडलेला असेल, म्हणजे सन्कन, तर भरावाचं घनफळ आणखी वेगळं. गच्चीलाही हाच नियम: ३० × ४० ची गच्ची १,२०० ची नसते, कठड्यावर चारी बाजूंनी फूटभर वाटा (कोपऱ्यातली गोलाई) चढवला की १४० फूट वाढतात.

आणि बाथरूमच्या खर्चाचा मोठा भाग क्षेत्रफळाशी बांधलेलाच नसतो. कमोड एक, डायव्हर्टर एक, गीझरचा पॉइंट एक, ट्रॅप दोन. ४ × ७ आणि ४.५ × ७ च्या बाथरूमचा नळकामाचा खर्च जवळपास सारखाच येतो. त्यामुळे बाथरूमचा अंदाज दोन रकान्यांत करा: टाइल, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर हे मापाने, नळ, पाइप, भांडी (कमोड वगैरे), फोडकाम हे नगाने किंवा पॉइंटने. विजेचं कामही पॉइंटनेच. घर मोठं म्हणून बोर्ड वाढत नाहीत, माणसं आणि यंत्रं वाढली की वाढतात.

बाकीची कामं भराभर. कपाटाचं माप समोरून, रुंदी गुणिले उंची. आत किती खोल ते मोजत नाहीत, त्यामुळे १८ इंच खोल आणि २४ इंच खोल कपाट एकाच दरात ऐकू येतं, किती इंच खोल ते लिहून घ्या. हॉलला नुसती कडेची फॉल्स सीलिंग करणार असाल तर बाहेरच्या आयतातून आतला वजा करा: १० × १६ मध्ये दोन फुटांची कड म्हणजे १६० वजा ६ × १२, ८८ चौ. फूट. पूर्ण १६० चे पैसे मागितले तर विचारा. मात्र आतल्या कडेची ३६ रनिंग फूट उभी पट्टी तो वेगळी लावेल, आणि तो हक्क त्याचा आहे. ओट्याचा ग्रॅनाइट ३० चौ. फूट लागत असला तरी दुकानदार पूर्ण स्लॅब विकतो. उरलेल्या तुकड्यांत खिडक्यांच्या फळ्या बसवा.

तिसऱ्या ठेकेदाराच्या १,२०० रुपयांकडे शेवटी येऊ. हे १,२०० कशावर? ७०६ वर असतील तर ८,४७,२०० रुपये, खऱ्या ५४८.५ वर असतील तर ६,५८,२००. एका न लिहिलेल्या शब्दात १,८९,००० रुपये आहेत. असा अंगावरचा दर चुकीचा असतोच असं नाही. सारख्या इमारतीतले सारखे फ्लॅट नेहमी करणाऱ्याला त्याचा अंदाज पक्का असतो, आणि मालकालाही रोजची कटकट नको असते. पण त्याला एवढं विचारा: टाइल किती रुपये चौ. फुटाची धरली, भांड्यांना किती रक्कम ठेवली, कपाटं आत आहेत का, तोडफोड आणि पोती आत आहेत का, जीएसटी आत आहे का. नोंदणी असलेल्या ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के लागतो, म्हणजे ६,५८,२०० चे ७,७६,६७६ होतात. मग वरच्या मापांवर तुमच्या भागातले दर लावून स्वतःची बेरीज करा. दरांचा ढोबळ आधार हवा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघता येते. तिथले दर चौरस मीटरचे असतात, १०.७६४ ने भागा, आणि हे मोठ्या कामांचे दर आहेत हे लक्षात ठेवा. राहत्या सोसायटीत, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवून, एका फ्लॅटचं काम त्या दरात कुणी करणार नाही.

तुमची बेरीज आणि त्याचा आकडा दहा-बारा टक्क्यांत जुळला तर त्याला काम द्या. जास्त तफावत असेल तर ती कुठल्या रकान्यात आहे ते शोधा. बहुधा बाथरूममध्ये किंवा तोडफोडीत सापडेल. हातचे म्हणून रंग आणि फरशीला दहा टक्के ठेवा, बाथरूमला वीस, कारण तीस वर्षांच्या भिंतीत कुठला पाइप कुजलाय हे फोडल्याशिवाय दिसत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्पा झालेल्या मापाशी बांधा: ‘दोन्ही बेडरूमची २३० फूट फरशी झाली, की एवढे’. शेवटचा हप्ता बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावर ओल आली नाही हे पाहिल्यावरच.